वाचकांचे प्रश्न : मिक्स्चरचा स्क्रू दाद देत नाही

प्रश्न : आमच्या जुन्या पेट्रोल ट्रकचं इंजिन अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडायचं, म्हणून कार्बोरेटरवरचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागावरचा) स्लोचा, म्हणजे पाय काढल्यावरचा वेग ठरवणारा, स्क्रू बराच आत घेतला. आता बंद पडत नाही, पण मिक्स्चरचे (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे) दोन्ही स्क्रू कसेही फिरवले तरी फरक नाही. शिवाय किल्ली बंद केल्यावरही इंजिन थोडा वेळ धडधडत राहतं.

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा त्या स्लोच्या स्क्रूतच आहे. तो फक्त थ्रॉटलची पाकळी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आवरणारी झडप, उघडी धरतो. पाकळी गरजेपेक्षा जास्त उघडली की तिच्या काठाजवळची ट्रान्सफरची फट (पेट्रोल येण्याची दुसरी वाट) मोकळी होते आणि इंजिन तिथूनच पेट्रोल ओढू लागतं. मिक्स्चर स्क्रूच्या भोकाला काम उरत नाही. किल्ली बंद केल्यावरही त्याच उघड्या पाकळीतून मिश्रण आत जातं आणि सिलिंडरमधल्या तापलेल्या कार्बनवर पेटतं.

म्हणून आधी पॉइंटचा (ठिणगीच्या स्विचचा) गॅप आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) तपासा. ते चुकलेलं असेल तर कार्बोरेटरवर घालवलेला वेळ वाया जातो. इंजिन पूर्ण तापवून बंद करा. चोक (थंड इंजिनासाठी हवा आवरणारी झडप) पूर्ण उघडलेला आणि फास्ट आयडलची कॅम (थंड इंजिनाचा स्लो वाढवणारा तुकडा) सुटलेली हवी. स्लोचा स्क्रू पाकळी मिटेपर्यंत बाहेर घ्या, मग लिव्हरला टेकल्यावर जास्तीत जास्त एक फेरा आत. मिक्स्चरचे स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड-दीड फेरा बाहेर काढा. इथे जोर लावू नका. स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला खाच पडली की नेमकं सेटिंग पुन्हा कधीच लागत नाही.

ट्रक उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, चाकांना अडण देऊन, एअर फिल्टर बसवून चालू करा. आता एकेक स्क्रू आळीपाळीने पाव फेरा फिरवा, दर वेळी दहा सेकंद थांबा. जिथे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किंवा व्हॅक्यूम गेजचा (इंजिनाची हवा ओढण्याची ताकद दाखवणारा) काटा सर्वांत वर जातो ती जागा. स्लो वाढला तर स्लोच्या स्क्रूने उतरवा आणि मिक्स्चर पुन्हा बघा. स्लोच्या आरपीएमचा आकडा बॉनेटखालच्या पट्टीवरचा घ्या. पट्टी गेली असेल तर ६०० ते ७५० आरपीएमपासून सुरुवात करा.

एवढ्यावरही स्क्रू दाद देत नसेल तर? तो पूर्ण मिटवूनही इंजिन चालतंय, तर पेट्रोल दुसरीकडून येतंय: फ्लोटची (कार्बोरेटरमध्ये साठलेल्या पेट्रोलची) पातळी वर आहे किंवा पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जास्तीचं पेट्रोल सोडणारी झडप) गळतोय. उलट, उघडूनही इंजिन अडखळतंय, तर स्लोचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तुंबलाय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. जेट हवेच्या झोताने साफ करा, तारेने नको, भोक मोठं होतं. व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक करून चिमटीत दाबा; जी दाबल्यावर इंजिन सुधारतं, त्या नळीवर किंवा तिच्या टोकाच्या भागात गळती आहे.

प्रश्न : स्क्रू आत घेतला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होतं की घट्ट (पेट्रोल जास्त)?

उत्तर : स्क्रू कार्बोरेटरच्या तळाशी, थ्रॉटलजवळ असेल तर सहसा पातळ. काही कार्बोरेटरांत मात्र तो फक्त हवा आवरतो. तिथे आत घेतला की मिश्रण घट्ट होतं.