वाचकांचे प्रश्न : ड्रेस्डेन डॉल्स आणि दोघांचा कॅबरे

‘डार्क कॅबरे’ म्हणजे हिंदी सिनेमातल्या कॅबरेचाच एखादा प्रकार का? (कोल्हापूरहून एक वाचक)

नाही. सिनेमातला कॅबरे हा मुख्यतः क्लबमधला नाच. ‘डार्क कॅबरे’चं मूळ आहे 1920च्या दशकातल्या बर्लिनमध्ये. लहानसा रंगमंच, समोर टेबलांवर बसलेले प्रेक्षक, एक पियानो, आणि सत्ता, पैसा, भूक यांवरची बोचरी गाणी. जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक आणि संगीतकार कुर्ट वाइलचं संगीत असलेला ‘थ्रीपेनी ऑपेरा’ 1928मध्ये बर्लिनला रंगमंचावर आला. पुलंनी त्यावरून लिहिलेला आणि थिएटर अकादमीने 1978मध्ये केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ ज्यांनी पाहिला, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. कथा थांबते, नट सरळ प्रेक्षकांकडे वळतो आणि गातो.

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ‘ड्रेस्डेन डॉल्स’ या दोघांच्या बँडने, म्हणजे अमांडा पामर (गायन, पियानो) आणि ब्रायन विग्लिओन (ड्रम्स, गिटार) यांनी, हीच रीत पंक रॉकच्या जोरात आणली. स्वतःच्या संगीताला ‘ब्रेख्तियन पंक कॅबरे’ हे नाव त्यांनी आपणच दिलं, म्हणजे वृत्तपत्रांनी त्यांना ‘गॉथिक’ (उदास, काळोख्या धाटणीचे) ठरवून मोकळं होऊ नये. पामरच्या कीबोर्डवर छापलेल्या ‘कुर्झवाइल’ या कंपनीच्या नावाची अक्षरं बदलून तिथे ‘कुर्ट वाइल’ असं केलेलं होतं.

आमचाही दोघांचाच संच आहे : कीबोर्ड आणि ड्रम्स. बेस गिटार नाही. घरी छान वाजतं, पण हॉलमध्ये नुसता गोंधळ ऐकू येतो. ड्रेस्डेन डॉल्सना हे कसं जमतं? (नाशिकहून एक वाचक)

बेसचं काम पियानोचा डावा हात करतो, आणि घोटाळाही तिथेच होतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झला वाजते. डाव्या हाताचे खालचे अष्टक 40 ते 80 हर्ट्झच्या पट्ट्यात पडतात. किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) दणकाही साधारण 50 ते 80 हर्ट्झमध्ये असतो. दोन्ही एकाच क्षणी, लांबवून वाजले की हॉलमध्ये फक्त घुमणं उरतं.

उपाय आधी वाजवण्यात शोधा, मिक्सरवर नंतर. डावा हात तुटक ठेवा. सस्टेन पेडल (सूर लांबवणारं) प्रत्येक कॉर्ड बदलताना पूर्ण सोडा. वॉल्ट्झमध्ये (तीन मात्रांच्या ठेक्यात) पहिल्या मात्रेला बेसचा सूर, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला उजव्या हाताचा कॉर्ड अशी वाटणी असते. पहिल्या मात्रेवर किक असेल तर डाव्या हाताने अष्टक न वाजवता एकच सूर वाजवावा. एवढं करूनही आवाज साचत असेल, तर मिक्सरवर पियानोचा 250 ते 400 हर्ट्झचा पट्टा 3-4 डेसिबलने उतरवा.

कीबोर्डच्या अंगभूत स्पीकरसमोर माइक धरू नका. लाइन आउटमधून डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी), तिथून मिक्सर. मिक्सरवर एकच चॅनेल मिळणार असेल तर मोनो पियानोचा आवाज निवडा. स्टिरिओ पियानो मोनोत एकत्र केला की दोन बाजूंच्या ध्वनिलहरी एकमेकींना खातात आणि मधले सूर पोकळ होतात.

जोरात वाजवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. कीबोर्ड बोटाचा जोर 1 ते 127 या आकड्यांत मोजतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये टच ‘सॉफ्ट’ ठेवून पट्ट्या हाणल्या तर सगळंच 127ला जाऊन अडकतं आणि लहान-मोठेपणा संपतो. टच ‘हार्ड’ करा. पेडल उलटं चालत असेल (दाबलं की सूर तुटतो, सोडलं की लांबतो) तर बहुधा कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर होता. बंद करून, पाय काढून पुन्हा चालू करा.

आणि या बँडची खरी ताकद आवाजाच्या चढ-उतारात आहे. विग्लिओन ड्रम्स नुसता ठेका धरायला वाजवत नाही, गाण्यातल्या शब्दाला उत्तर दिल्यासारखा वाजवतो. पामर कुजबुजते तिथे तो जवळजवळ थांबतो. त्यासाठी दोघांना एकमेकांचे हात दिसायला हवेत. ते रंगमंचाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात, तुम्हीही तसंच बसा. ड्रमरच्या मॉनिटरमध्ये (त्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) गायिकेचा आवाज आणि पियानो, एवढंच द्या. बेल्जियन गायक ज्यॅक ब्रेल आणि हेवी मेटल बँड ब्लॅक सॅबथ या दोन टोकांची गाणी हीच दोन माणसं, हीच वाद्यं घेऊन वाजवतात, हे ऐकलं की बेस गिटारची उणीव वाटत नाही.

एवढं नाव झाल्यावर 2008मध्ये बँड का थांबला? (पुण्याहून एक वाचक)

दोघांची भेट 2000च्या हॅलोविनच्या रात्री, पामरच्या घरच्या पार्टीत झाली. 2003मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूबीसीएन रेडिओची रॉक स्पर्धा त्यांनी जिंकली आणि त्याच वर्षी पहिला अल्बम स्वतःच्या ‘एट फूट रेकॉर्ड्स’वर काढला. पामर हार्वर्ड स्क्वेअरला आठ फुटी नवरीचा पुतळा बनून उभी राहायची, ते नाव तिथलं. 2004मध्ये रोडरनर या रेकॉर्ड कंपनीने तोच अल्बम पुन्हा काढला. 2005मध्ये नाइन इंच नेल्स या रॉक बँडसोबत दौरा, 2006मध्ये ‘येस, व्हर्जिनिया’ हा अल्बम, त्याच डिसेंबरात बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या अमेरिकन रेपर्टरी थिएटरबरोबर एक नाट्यप्रयोग.

रोडरनर ही प्रामुख्याने मेटल संगीताची कंपनी, आणि मतभेद वाढत गेले. शिवाय वर्षानुवर्षं दोनच माणसांनी एकत्र प्रवास करायचा म्हणजे ताण वाटून घ्यायला तिसरं कोणी नाही. 2008मध्ये उरलेल्या गाण्यांचा ‘नो, व्हर्जिनिया’ आला आणि दोघं आपापल्या कामाला लागले. बँड मोडला मात्र नाही. 2010च्या हॅलोविनला न्यूयॉर्कमध्ये ते पुन्हा एकत्र वाजले.

कंपनीशिवाय पामरने पैसे कसे उभे केले? (बंगळुरूहून एक वाचक)

कार्यक्रमानंतर थांबून प्रत्येकाशी बोलणं, सह्या करणं आणि ईमेल पत्त्यांची यादी जपणं हे काम तिने आधीपासून केलं होतं. बँडच्या एका अल्बमच्या पहिल्या काही आठवड्यांत सुमारे 25,000 प्रती खपल्या, तेव्हा कंपनीला ते अपयश वाटलं, असं तिने 2013च्या टेड व्याख्यानात सांगितलं. 2012मध्ये तिने किकस्टार्टरवर (लोकांकडून वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर) 1,00,000 डॉलर मागितले. 24,883 लोकांनी मिळून 11,92,793 डॉलर दिले, माणशी सरासरी 48 डॉलर. कंपनीच्या लेखी थोडी असलेली माणसं कलाकाराला पुरून उरली!

पण ही सगळी रक्कम हातात राहत नाही. किकस्टार्टरचं कमिशन, छपाई, टपालखर्च, जुनी देणी हे सगळं त्यातूनच जातं. तुम्ही असा प्रयत्न करणार असाल तर पैसे देणाऱ्यांना पाठवायच्या प्रत्येक भेटवस्तूचा टपालखर्च आधी काढा, परदेशचा वेगळा. बजेट बहुधा तिथेच फसतं. आणि वादकांचे पैसे पहिल्या यादीत धरा. किकस्टार्टरनंतरच्या दौऱ्यात पामरने स्थानिक वादकांना मोबदल्याशिवाय साथीला बोलावलं, त्यावर रास्त टीका झाली आणि नंतर तिने त्यांना पैसे दिले.

ड्रेस्डेन डॉल्ससारखा रंगवलेला पांढरा चेहरा घामाने ओघळतो. काय करावं? (पणजीहून एक वाचक)

जाड थर देऊ नका. ओल्या स्पंजाने दोन पातळ थर द्या, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. पाण्यात कालवायचा रंग ड्रमरच्या घामाला टिकत नाही. त्याला ग्रीस पेंट लावा आणि वर पावडर दाबून बसवा, चोळू नका. भुवया आणि डोळ्यांच्या रेघा पावडरीनंतर काढा. घाम टिपून घ्या, पुसू नका. ग्रीस पेंट काढायला आधी खोबरेल तेल, मग साबण.