नवी मुंबईत रो-हाऊसच्या छोट्या बागेत सोनेरी, बुटकी मोरपंखी जगेल का? छाटून लहान ठेवता येईल का?

जगेल. पण पानं चुरडल्यावर लिंबासारखा वास येणारं 'गोल्डन सायप्रस' म्हणत असाल, तर नाद सोडा. ते मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं, थंड धुक्यातलं. आपल्याकडे मे महिन्यातून वाचलंच तर जुलैत मुळं कुजून जातं. शिवाय बुटकं ते मुळीच नाही. सोनेरी मोरपंखीची 'ऑरिया नाना' ही जात घ्या.

छाटणीचं विचारलंत म्हणूनच खरं तर लिहायला बसले. नेरूळला आमच्या फाटकाशी अशीच एक आहे, कधी कात्री न लावता अंड्यासारखी गोल आलेली. म्हणजे होती. एका गणपतीत मोठे दीर चिपळूणहून आले. चहा घेता घेता त्यांनी दोन्ही हातांनी तिचे उभे पंखे बाजूला सारून आत बघितलं. आत सगळं तपकिरी, बोटांना नुसता भुगा. "अगं, हे आतून वाळलंय! रोग आहे, मोकळं करायला हवं." भाऊजी, आत ऊन पोचत नाही म्हणून जुनी पानं वाळतात, सगळ्याच मोरपंखींचं असं असतं, हे मी सांगेपर्यंत कात्री चाललीसुद्धा. फाटकाकडची अख्खी बाजू जून लाकडापर्यंत साफ. वर, "जास्वंद छाटली की चार फुटवे येतात, हिला का नाही येणार?"

नाही येणार. जास्वंदीच्या जून फांदीत डोळे दबून असतात, छाटलं की जागे होतात. मोरपंखीच्या उघड्या लाकडावर तसं काही नसतं. हिरवं संपलं तिथे फूट संपली. ती बाजू आजही बोडकी आहे आणि भाऊजी आजही लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, "तू खत कमी घातलंस." शेणखताची गोणी ओतली असती तरी तेच झालं असतं!

त्यामुळे पावसाळा संपल्यावर फक्त कोवळे शेंडे खुडा. आतला भुगा मात्र हाताने झाडून काढत जा, पावसात ओला राहिला की बुरशी धरते. आतून स्वच्छच करायचं होतं तर भाऊजींना हात होते की.

पाणी तुंबत असेल तर वीतभर उंचवटा करून लावा, मातीत जाड वाळू मिसळा. रोज पाणी नको, वरची माती सुकली की घाला.

हो, निदान अर्धा दिवस ऊन हवंच, नाहीतर सोनेरीची हिरवी होते. आणि रस्त्याकडेला 'बुटकी' म्हणून स्वस्तात मिळते ती पुष्कळदा बियांपासूनची साधी मोरपंखी निघते. ती पुरुषभर उंचीवरही थांबत नाही, आणि मग छाटूनही भागत नाही. फांदीपासून केलेलं रोप आहे का, विचारून घ्या. नर्सरीवाला वास्तूसाठी जोडीनेच न्या म्हणेल. एकच घ्या, छोट्या बागेत दुसरीला जागा कुठली?