लिथियम पॅकचा चार्जर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा आयटीआयला आहे, रिमोटचं विमान बनवतोय. पॅक ३ सेलचा, २२०० एमएएचचा लिपो (लिथियम पॉलिमर). दुकानदार ८० वॅटचा चार्जर आणि १२ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा अडॅप्टर देतोय. पुरेल का? (आर्वी)

उत्तर : आज पुरेल. खोक्यावरचे ॲम्पिअर बघू नका, वॅटचा हिशेब करा. २२०० एमएएच म्हणजे २.२ ॲम्पिअर-तास, म्हणून हा पॅक २.२ ॲम्पिअरने भरायचा. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर, म्हणून ३ सेलचा पॅक १२.६ व्होल्टवर असतो, म्हणजे १२.६ गुणिले २.२, साधारण २८ वॅट. चार्जर तापतो त्यात थोडी वीज जाते, म्हणून ३५ धरा. अडॅप्टर ६० वॅटचा आहे, काम भागलं.

मात्र ६० वॅटच्या अडॅप्टरवर चार्जर ८० वॅट देऊ शकणार नाही, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा. उद्या तो ६ सेलचा, ५००० एमएएचचा पॅक आणेल. त्याला २५.२ गुणिले ५, म्हणजे १२६ वॅट लागतात. तेवढे हा ८० वॅटचा चार्जर देणार नाही, तेव्हा चार्जर मोठा हवा आणि मागचा सप्लाय दीडशेच्या वरचा हवा. १२ व्होल्टवर तेवढ्यासाठी साडेबारा ॲम्पिअर ओढले जातात, बारीक वायर हाताला चटके देते. चार्जर २४ व्होल्ट घेत असेल तर तेव्हा २४ व्होल्टचाच सप्लाय घ्या.

आणि पॅकची पांढरी बारीक बॅलन्स पिन, जिच्यातून चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दिसतो, दर वेळी लावायचीच. स्क्रीनवर तिन्ही सेलचे व्होल्ट वेगवेगळे दिसले पाहिजेत. ४.२०, ४.१९ आणि तिसरा ३.९० दिसला, तर तो पॅक थकत चाललाय. हे दाखवत नाही तो चार्जर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

प्रश्न : फवारणी पंपात ॲसिडवाल्या बॅटरीच्या जागी लिथियम टाकली. जुना चार्जर चालेल? (दिग्रस)

उत्तर : नाही, लावूच नका. तो चार्जर साडेचौदा व्होल्टच्या आसपास जातो. बॅटरीवर ११.१ व्होल्ट लिहिलं असेल तर आत ३ सेल ओळीत आहेत. म्हणजे प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट, आणि मर्यादा आहे ४.२ची. मधे अडवायला फक्त आतली बीएमएस पट्टी, म्हणजे सेलला जपणारं सर्किट, उरते. ती गेली की पाठीवर विस्तव घेऊन वावरात फिरणं आलं. ११.१वाल्याला १२.६ व्होल्टचा लिथियम चार्जर घ्या. १२.८ लिहिलं असेल तर ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, तिला १४.६चा. बॅटरीवर काहीच लिहिलेलं नसेल तर परत करा.

प्रश्न : चार्जरला वीज द्यायला जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? (उमरखेड)

उत्तर : घ्या, पण लाइन जोडण्याआधी बाजूच्या फटीतून आतला छोटा सरकता स्विच बघा. अनेकांवर ११० आणि २२० असे दोन आकडे असतात. माझ्या टेबलावर एकदा तो ११०वर राहिला होता. बटण दाबलं, फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास. स्क्रू उघडे असतात, त्यावर झाकण हवंच. अर्थिंग खरं जोडलेलं हवं, नुसती तीन पिनची प्लग पुरत नाही. लाइन गेली की प्लग काढा. परत येते तेव्हा व्होल्टेज कमी-जास्त होतं, पाच मिनिटं थांबून लावा.

प्रश्न : पॅक थोडा फुगलाय. दाबून बसवू का? (पुसद)

उत्तर : दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. वाळूच्या बादलीत घालून घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. उकिरड्यावर टाकू नका.

प्रश्न : चार्जिंग कुठे आणि केव्हा करावं? (वणी)

उत्तर : मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, आणि लिथियम पॅक चार्ज करण्याची सर्वसाधारण मर्यादाही तेवढीच. टिनाखाली दुपारी तर नकोच. पहाटे भरा. उडवून आणलेला गरम पॅक आधी गार होऊ द्या. आठवडाभर वापरायचा नसेल तर चार्जरच्या ‘स्टोरेज’ सेटिंगवर, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा.

जागेचं मात्र हात जोडून सांगतो. भाव येईस्तोवर आपण कापूस घरातच रचतो, आणि विजेचा बोर्डही बहुधा त्याच खोलीत असतो. तिथे चार्जर लावू नका. ओसरीतल्या फरशीवर, मातीच्या पसरट भांड्यात पॅक ठेवा, शेजारी वाळू ठेवा आणि भरेपर्यंत कोणीतरी जागं राहा. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड घ्यावा लागला तर जाड वायरचा घ्या.