मंडळीच्या कमिटीवर नव्याने आलेल्याने सुरुवात कोठून करावी?

पुण्यातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर आपण नुकतेच निवडून आला आहात आणि बायबलमधील नेतृत्वाची तत्त्वे रोजच्या कारभारात कशी उतरवावीत, असे आपण विचारले आहे. अशाच एका कमिटीवर मी नऊ वर्षे होतो, त्या आधारावर लिहितो.

शिबिरांमध्ये बहुधा निर्गम 18 मधील इथ्रोचा सल्ला शिकवला जातो. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसे, म्हणून सासऱ्याने त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगितले. शिकवण चांगलीच आहे; मात्र आपल्याकडे काम वाटून द्यायला सगळे तयार असतात, अधिकार वाटायची वेळ आली की सभा लांबते. म्हणून मी प्रेषितांची कृत्ये 6 वा अध्याय आधी वाचायला सांगतो. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत अन्नाच्या रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ती दडपली नाही आणि वाटप स्वतःकडेही घेतले नाही, तर मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफनापासून निकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांकडे वाटप गेले.

आमच्याकडे हा प्रसंग नाताळच्या कॅरल फेरीवरून, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळची गीते गाण्यावरून, आला. फेरीची वही जुनी होती आणि तिच्यात कॅम्प, क्वार्टर गेट, घोरपडी येथील तीच ती घरे होती. नगर जिल्ह्यातून येऊन चंदननगर, वडगाव शेरीत भाड्याने राहणारी कुटुंबे फेरी आमच्याकडेही आणा म्हणत, त्यांना दरवर्षी ‘रात्र फार होते’ एवढेच उत्तर मिळे. एका वर्षी पाळकसाहेबांनी ती वहीच त्यांच्यातील दोन भगिनींच्या हाती दिली. त्यांनी फेरी चंदननगरहून सुरू केली. कॅम्पातल्या जुन्या घरी आम्ही साडेबाराला पोहोचलो, तेव्हा तेथील आजोबांनी चहा तीनदा गरम करावा लागल्याचे सर्वांसमक्ष ऐकवले. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी चहा उशिरा टाकला.

पैशाच्या बाबतीत 2 करिंथ 8 पाहावे. यरुशलेमेसाठी गोळा झालेली मदत प्रेषित पौलाने एकट्याने नेली नाही. कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला बंधू त्याने बरोबर घेतला. आम्ही रविवारी उपासनेनंतर अर्पणाची थैली वेस्ट्रीतील (चर्चला लागून असलेल्या खोलीतील) स्टीलच्या ताटात ओततो, दार उघडे ठेवून वेगवेगळ्या घरांतील दोघे जण मोजतात, आणि दोघांच्या सह्या झाल्याखेरीज खजिनदार रकमेला हात लावत नाहीत. ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, पण ते वर्षाकाठी. तोवर संशयाला पुष्कळ अवधी मिळतो.

मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांच्या, पात्रतेसाठी 1 तीमथ्य 3 आहेच; त्यातील बहुतेक अटी स्वभावाच्या आणि घरातील वागणुकीच्या आहेत. 1 पेत्र 5 मध्ये कळपावर ‘धनीपण’ न करता त्याला ‘कित्ता’ होण्यास सांगितले आहे, आणि ज्यांनी पाटीवर कित्ता गिरवला आहे त्यांना तो शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या बैठकीत भाषण करू नका. पाळकीय भेटींची वही मागा आणि गेल्या वर्षभरात कोणाच्या घरी कोणीच गेले नाही, ती नावे उतरवून घ्या.