लाल रुमाल बांधून दंड दाखवणारी ती अमेरिकन बाई नक्की कोण? चित्राखाली नाव काय लिहावं?

महिला दिनाला ऑफिसात ‘अमेरिकेच्या इतिहासातल्या स्त्रिया’ असा फलक लावणार आहोत आणि त्या पिवळ्या चित्राखाली कुणाचं नाव लिहू, असं तुम्ही विचारलंय. आधी कामाचं सांगतो. नुसतं ‘रोझी द रिव्हेटर’ लिहून मोकळ्या होऊ नका. ज्याने ते चित्र काढलं त्याने तिला रोझी म्हटलेलंच नव्हतं. आणि इंटरनेटवर जागोजागी सापडणारं जेराल्डिन डॉयल हे नाव तर अजिबात लिहू नका.

मी छपाईच्या धंद्यात आहे. फेब्रुवारी संपत आला की हे चित्र घेऊन गिऱ्हाइकं येतात. कुणाला मगवर हवं असतं, कुणाला फ्लेक्सवर. एका मंडळाला ती नऊवारीत, नथ घालून हवी होती. (चोळीला दुमडायला मुळात बाही असते किती! पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार.) त्यामुळे मूळ पोस्टर मी बऱ्यापैकी निरखून पाहिलंय. तुम्हीही एखादी मोठी, स्वच्छ प्रत उघडून बघा. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना आहे की, हे १५ ते २८ फेब्रुवारी या काळात लावावं. उजव्या कोपऱ्यात वेस्टिंगहाउस कंपनीचं चिन्ह आणि तिच्या युद्ध-उत्पादन समितीचं नाव. बाईच्या कॉलरवर जो पांढरा बिल्ला दिसतो, तोही कंपनीच्या कामगारांचाच.

म्हणजे हा कारखान्याच्या आतला कागद होता. साल १९४३. जे. हॉवर्ड मिलर नावाच्या पिट्सबर्गच्या चित्रकाराने वेस्टिंगहाउससाठी अशी चाळीसेक पोस्टरं केली होती. दर दोन आठवड्यांनी जुनं काढायचं, नवं लावायचं. हेही दोन आठवडे भिंतीवर राहिलं आणि उतरलं. प्रती छापल्या होत्या अठराशेच्याही आत. बाहेरच्या बायकांना ‘या, कारखान्यात कामाला लागा’ असं बोलावण्याचा त्यात हेतूच नव्हता. संप होऊ नयेत, दांड्या कमी व्हाव्यात, माल वेळेवर निघावा एवढीच व्यवस्थापनाची इच्छा. त्याच मालिकेतलं दुसरं एक पोस्टर सांगतं की, कामाबद्दल काही शंका असेल तर सुपरवायझरला विचारा. आज स्त्रीमुक्तीचं म्हणून मिरवलं जाणारं चित्र असल्या संगतीतलं आहे, याची मला अजूनही गंमत वाटते.

मग रोझी कोण? ते आधी एक गाणं होतं, १९४३च्या सुरुवातीला रेडिओवर गाजलेलं. विमानाचे पत्रे रिव्हेटने, म्हणजे धातूच्या ठोकून बसवायच्या खिळ्याने, जोडायचं काम दोघांचं असतं. एकजण हवेच्या दाबावरची बंदूक चालवतो, दुसरा पत्र्यामागे पोलादी ठोकळा घट्ट धरून बसतो. युद्धात पुरुष आघाडीवर गेल्यावर हे काम बायका करू लागल्या आणि गाण्यातली रोझी त्यांची प्रतिनिधी झाली. त्याच वर्षी २९ मेच्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर चित्रकार नॉर्मन रॉकवेलने तिला रंगवलं. धिप्पाड बाई, मांडीवर रिव्हेटची बंदूक, हातात सँडविच, पायाखाली हिटलरचं ‘माइन काम्फ’ आणि डब्यावर स्वच्छ अक्षरांत नाव: रोझी. बसण्याची ढब मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलमध्ये रंगवलेल्या बायबलमधल्या प्रेषित यशयाची. समोर बसवली होती व्हरमाँटमधली टेलिफोन ऑपरेटर मेरी डॉयल (पुढे कीफ). ती १९ वर्षांची, शेलाटी. तिचे दंड एवढे फुगवल्याबद्दल रॉकवेलने पुढे पत्र लिहून तिची माफी मागितली. युद्धाच्या काळात अमेरिकेने ओळखली ती ही रोझी.

पण रॉकवेलच्या चित्रावर कॉपीराइट होता. मिलरचं पोस्टर मात्र कुणीही वापरावं असं मोकळं. १९८०च्या दशकात जुन्या सरकारी संग्रहातल्या पोस्टरांकडे लोकांचं लक्ष गेलं, तेव्हा हे फुकटचं चित्र सगळ्यांनी उचललं आणि रोझीचं नाव आपसूक त्याला चिकटलं. १९९९ साली तर ते अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलं. आमच्या धंद्यात कॉपीराइट काय काय घडवतो हे रोज पाहतो, म्हणून मला यात आश्चर्य वाटलं नाही.

आता चेहऱ्याचं. १९८०च्या दशकात मिशिगनच्या जेराल्डिन डॉयल यांनी एका मासिकात युद्धकाळातला एक फोटो पाहिला. यंत्रावर वाकलेली तरुणी, केसांना ठिपक्यांचा रुमाल. त्यांना वाटलं, ही मीच. त्यांनी १९४२मध्ये एका कारखान्यात जेमतेम दोन आठवडे काम केलं होतं. त्या चेलो वाजवत. यंत्रात हात सापडेल या भीतीने त्यांनी नोकरी सोडली. पुढे पोस्टर पाहिल्यावर त्यांना तेही आपलंच वाटलं. त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही, चेहरा खरंच मिळताजुळता होता. डिसेंबर २०१०मध्ये त्या गेल्या तेव्हा वृत्तपत्रांनी ‘रोझी गेली’ असंच छापलं.

जेम्स किंबल या प्राध्यापकांनी मात्र मूळ फोटो शोधायचं मनावर घेतलं. जुन्या छायाचित्रांच्या एका विक्रेत्याकडे त्यांना फोटोखालच्या मूळ ओळीसकट प्रत मिळाली. तारीख मार्च १९४२, ठिकाण कॅलिफोर्नियातला अलमीडा नौदल तळ, आणि नाव नेओमी पार्कर. नाक लेथमध्ये अडकेल की काय, असा त्या ओळीत एक विनोदही होता. मार्च १९४२मध्ये डॉयल अजून शाळेत होत्या, तेव्हा प्रश्नच मिटला.

नेओमी पार्कर-फ्रेली तेव्हा हयात होत्या, नव्वदी ओलांडलेल्या. त्यांच्याकडे १९४२चं वर्तमानपत्राचं कात्रण जपून ठेवलेलं होतं. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथल्या रोझीच्या राष्ट्रीय स्मारक-उद्यानात त्यांनी स्वतःचा फोटो पाहिला होता, खाली डॉयल यांचं नाव. त्यांनी कळवलंही, पण तोवर ते नाव सगळीकडे रूढ झालं होतं. किंबल यांचा लेख २०१६मध्ये छापून आला. जानेवारी २०१८मध्ये ९६व्या वर्षी नेओमी वारल्या. आयुष्याची शेवटची दोन वर्षं तेवढी त्यांना आपल्याच चेहऱ्यावर आपलं नाव पाहायला मिळालं.

इथे एक खुंटी मारून ठेवतो: मिलरने हाच फोटो समोर ठेवून चित्र काढलं, याचा लेखी पुरावा नाही. फोटो १९४२च्या जुलैत पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रात आला होता आणि मिलर तिथलाच. रुमालही जुळतो. म्हणून ‘बहुधा’ हा शब्द गाळू नका.

फलकावर जागा असेल तर शेजारी बेटी रीड सॉस्किन यांना द्या. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात ऐकण्याजोगं त्यांनीच सांगितलंय. त्या कृष्णवर्णीय. १९४२मध्ये रिचमंडच्या जहाजबांधणीच्या काळात त्या एका कामगार संघटनेत फाइली लावत. संघटनेत काळ्यांना बरोबरीचं सभासदत्व नव्हतं, त्यांच्यासाठी वेगळी पोटशाखा होती आणि बेटीबाई त्या शाखेत. पुढे तिथेच राष्ट्रीय उद्यान व्हायचं ठरलं, तेव्हा आराखड्याच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं की, रोझीची कथा ही गोऱ्या बायकांची कथा आहे. त्यांच्या घरातल्या बायका गुलामगिरीच्या काळापासून बाहेर राबतच होत्या, त्यांना युद्धाने घराबाहेर काढलं नव्हतं. पुढे वयाच्या ८५व्या वर्षी त्या त्याच उद्यानात रेंजर झाल्या आणि २०२२मध्ये शंभरी गाठून निवृत्त झाल्या.

तर चित्राखाली असं लिहा: ‘जे. हॉवर्ड मिलर, वेस्टिंगहाउस कारखान्यांसाठीचं पोस्टर, १९४३. पुढे रोझी या नावाने प्रसिद्ध. चेहरा बहुधा नेओमी पार्कर यांच्या छायाचित्रावरून.’ तीन ओळींत बसतं. आणि छापायला देताना इंटरनेटवरची बारकी प्रत देऊ नका, मोठी केल्यावर रुमालावरचे ठिपके फुटतात.