मुलगी झाली, आता थोडं ऐक

मनापासून अभिनंदन रे! बाप झाल्यावर काय काय करायचं, असं विचारलंस म्हणून सांगतो. केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवसांची रजा मिळते, खासगीत तसा कायदा नाही. साहेबांशी आजच बोल. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, हॉस्पिटलात विचारून घे. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, आणि पोलिओचा पहिला डोस जन्मतःच, पुढच्या लशी 6, 10, 14 आठवड्यांनी. लसीकरणाचं कार्ड तू सांभाळ.

बाकी बदल तुझ्यातच होईल. दादरला सुटणाऱ्या फास्ट लोकलमागे धावणारा तू, एक दिवस आपसूक थांबशील आणि पुढची पकडशील. मला तो बदल फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या जिवाची किंमत तेव्हा कळते. वडिलांकडेही वेगळ्या नजरेने बघशील. सेकंड शिफ्ट करून रात्री येणारे माझे बाबा झोपलेल्या आम्हा भावंडांची पांघरुणं नीट करायचे. त्यामागचं मन मला लेक झाल्यावरच उमगलं.

रात्रीचं दूध पिऊन झालं की लेकीला तू घे. खांद्यावर उभी धर, पाठीवर हात फिरव, ढेकर येईपर्यंत. शर्टावर गुळणी येईलच. तेवढीच बायकोला सलग झोप मिळते. तिची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर 'होतं असं' म्हणू नकोस, डॉक्टरांकडे ने. आणि मालिशवाल्या बाईंना स्पष्ट सांग, नाकाकानात तेल घालायचं नाही.