आजीच्या गुडघ्यावरून नातीचं करिअर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावीत, पीसीबी ग्रुप. सासूबाईंचे गुडघे गेलेले. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका मोफत शिबिरात त्यांना सांगितलं की, बाळाच्या नाळेतल्या स्टेम सेलची (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींची) तीन इंजेक्शनं घेतली की झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, परत येईल, ऑपरेशन टळेल. मुलगी सोबत होती. तेव्हापासून तिचा एकच धोशा: मला यातच जायचंय. त्यात कुणीतरी ‘स्टेम सेल थेरपी’च्या सहा महिन्यांच्या डिप्लोमाचं पत्रक हातात ठेवलं. फी दीड लाख. तुम्ही विचारता, भरू का?

भरू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. सहा महिन्यांच्या डिप्लोमावर रुग्णाला सुई टोचायचा अधिकार मिळत नाही, अन् चांगल्या लॅबमध्ये माणूस घेताना एमएस्सी बघतात, हाताला काय येतं ते बघतात.

आता मुलीला ज्याचं वेड लागलंय ते नेमकं काय आहे? नाळेत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि शिबिरवाले त्यांची सरमिसळ करतात. एक नाळेतलं रक्त. त्यातल्या पेशींपासून नवं रक्त तयार होतं. 1988 साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या मुलावर त्याचं पहिलं प्रत्यारोपण झालं, ते विज्ञान पक्कं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे रक्तवाहिन्यांभोवतीचा बुळबुळीत गर, व्हार्टन्स जेली. यातल्या मेसेन्कायमल पेशींपासून लॅबमध्ये हाड, कूर्चा, चरबी बनवता येते. गुडघ्याची सगळी चर्चा या पेशींची.

पण काचेच्या बशीत कूर्चा होणं वेगळं आणि पासष्टीच्या गुडघ्यात होणं वेगळं. टोचलेल्या पेशी बहुतेक वेळा तिथे फार दिवस टिकत नाहीत, त्या रसायनं सोडून सूज कमी करतात. अमेरिकी शास्त्रज्ञ आर्नल्ड कॅप्लान यांनी 1991 मध्ये ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केलं आणि 2017 मध्ये त्यांनीच ते बदला म्हणून लिहिलं, कारण ‘स्टेम सेल’ म्हटलं की लोक भलतीच आशा धरतात. कोरियात नाळेच्या रक्तातून वाढवलेल्या पेशींच्या उत्पादनाला 2012 मध्ये गुडघ्यासाठी मंजुरी मिळाली, पण तेही शस्त्रक्रिया करून कूर्चेच्या खड्ड्यात भरावं लागतं. आपल्याकडे 2022 मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी एका उत्पादनाला मान्यता मिळाली, त्यातल्या पेशी अस्थिमज्जेतल्या आहेत, नाळेतल्या नव्हेत. मान्यता नसलेली स्टेम सेल द्यायची तर नोंदलेल्या चाचणीतच, आणि तिथे रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून शिबिरवाल्यांना एवढंच विचारा: सीटीआरआयचा, म्हणजे औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक द्या. सासूबाईंच्या गुडघ्याचं बाकी तुमच्या हाडाच्या डॉक्टरांना विचारा, तो माझा प्रांत नाही.

माझा प्रांत मुलगी. तिला आवडलंय ते काम तिने पाहिलंय का? माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अशा लॅबमध्ये आहे, त्याच्याकडे मी एक दिवस बसलो होतो. प्रसूतीनंतर, आईची लेखी संमती घेऊन, बाटलीतून नाळ आली. पांढरट, पीळ पडलेली, वीतभर. त्याने ती धुतली, उभी चिरली आणि आतल्या तीन रक्तवाहिन्या चिमट्याने ओढून काढल्या, आपण गवारीच्या शिरा काढतो तशा. मग उरलेल्या गराचे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करत बसला. तुकडे डिशमध्ये, डिश 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन-तीन दिवसांनी द्रव बदलायचा आणि वाट बघायची. आठ-दहा दिवसांनी तुकड्याच्या कडेने चातीसारख्या लांबुळक्या पेशी बाहेर सरकताना दिसतात. तो म्हणाला, मागच्या खेपेला याच टप्प्यावर द्रव गढूळ झाला, जंतू शिरले, तीन आठवड्यांचं काम फेकलं. सोमवारी पुन्हा नवी नाळ. (मे महिन्यात आपल्याकडे लाइट जाते तेव्हा इन्क्युबेटरचं काय होत असेल, हा विचार मला उगाच घरी येईपर्यंत छळत होता.)

हे ऐकून तुमच्या लेकीचे डोळे चमकले तर ती लॅबची. ‘पण आजीला बरं कोण करतं?’ असं तिने विचारलं तर ती डॉक्टरकीची. मग नीट, एमबीबीएस, पुढे हाडांचं एमएस, इंटर्नशिप धरून साडेपाच अधिक तीन वर्षं. त्यात मधली वाट नाही.

लॅबकडे जायचं तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा द्या, नाहीतर इथेच नागपूर विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बायोटेक किंवा बायोकेमिस्ट्री घेऊन बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी. पुढे पीएचडी करायची असेल तर नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा. 2023 पासून महिना 37 हजार फेलोशिप आहे, घर चालतं. पुण्याचं एनसीसीएस, बंगळुरूचं इनस्टेम या पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्थांची नावं तिला आत्ताच सांगून ठेवा. आणि बी.फार्म विसरू नका. पेशी औषध म्हणून द्यायच्या तर त्या औषधाच्या कारखान्याच्या शिस्तीनेच बनवाव्या लागतात. तिथे गुणवत्ता तपासणारी, कागदपत्रं सांभाळणारी माणसं लागतात. नीटमध्ये घसरलेल्या पोरी रडत माझ्याकडे येतात, त्यातल्या काहींना मी हा रस्ता दाखवला आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, पण नागपूरची पोरगी आहे म्हणून लिहितो. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, खुब्याच्या हाडाच्या डोक्याला रक्त मिळत नाही आणि ते हाड मरतं. याला एव्हीएन म्हणतात. विशी-पंचविशीतली मुलं लंगडत मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत येतात. त्या वयात सांधा बदलायचा तर पुढे तो पुन्हा बदलावा लागण्याची भीती, म्हणून हाडात छिद्र पाडून रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी भरण्याचे प्रयत्न होतात. आजीच्या गुडघ्याइतकाच हाही हाडाचा आणि पेशींचा प्रश्न आहे, शिवाय तो आपल्या दारातला आहे. तिला संशोधनच करायचं असेल तर विषय शोधत लांब जायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन या. तिचे अकरावीचे जीवशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे पेपर सोबत आणा, प्रॅक्टिकलची वहीही. डिप्लोमावाल्यांना काही अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर ती पावतीही आणा.